उपचार संपले, पण "परत निघालं तर?" : सातारा-सांगलीकरांसाठी कामाची माहिती

चारभिंती

कॅन्सरची किमो संपते, शेक (रेडिएशन) संपतो, डॉक्टर म्हणतात "आता तीन महिन्यांनी या." घरच्यांना वाटतं, सुटलो. पेशंटची धास्ती मात्र बऱ्याचदा तिथून पुढे वाढते. उपचार चालू असतात तोवर दर आठवड्याला कोणी ना कोणी तपासत असतं, रक्त बघत असतं. ते एकदम थांबतं. मग पाठीत चमक भरली की "हाडात गेलं", खोकला झाला की "छातीत उतरलं", आणि रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधाशोध.

सातारा, कराड, सांगली, मिरज भागातल्या लोकांसाठी इथे उपयोगी माहिती गोळा करू या. स्वतःचे अनुभव नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत. काय करायचं, किती वेळा करायचं, कुठे चुकतं आणि का, एवढंच लिहा.

सुरुवात मी करतो. आजार उलटू शकतो हे खरं आहे, त्यामुळे "काही होत नाही, विचारच करू नकोस" हे पेशंटला पटत नाही. आपलं कोणी ऐकत नाही असं वाटून तो बोलायचाच थांबतो. त्यापेक्षा भीतीला नेमकी खूण, नेमकी तारीख आणि नेमका माणूस ठरवून द्यावा. पुढच्या ओपीडीत डॉक्टरांना हे विचारून लिहून घ्या: माझा आजार उलटला तर साधारण कुठे आणि कशा रूपात दिसतो? तसं वाटलं तर फोन कोणाला करायचा, किती ते किती? कोणत्या तपासण्या ठरलेल्या आहेत आणि कोणत्या मुद्दाम करायच्या नाहीत? हे शेवटचं लोक विचारत नाहीत आणि घोळ तिथेच होतो. उत्तरं मराठीत, ठळक अक्षरात, फाईलच्या पहिल्या पानावर लावा.

मिरज_जंक्शन

तपासण्यांचं वेळापत्रक आजारानुसार बदलतं. शेजारणीच्या फाईलवरून आपलं ठरवू नये. ढोबळमानाने असं असतं, तुमचे डॉक्टर त्यात फेरफार करतील.

स्तनाचा कॅन्सर: पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांची हाताने तपासणी, चौथ्या-पाचव्या वर्षी ६ ते १२ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. मॅमोग्राफी (स्तनाचा एक्सरे) वर्षातून एकदा. स्तन राखून ऑपरेशन केलं असेल तर त्या बाजूची पहिली मॅमोग्राफी शेक संपल्यावर किमान सहा महिन्यांनी, कारण त्याआधी सूज आणि व्रणामुळे फिल्म नीट वाचता येत नाही.

तोंडाचा, घशाचा: पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी २ ते ६ महिन्यांनी, मग ४ ते ८, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. इथे पहिली दोन वर्षं महत्त्वाची, कारण उलटणाऱ्यांपैकी बहुतेक केसेस तेव्हाच दिसतात. मानेला शेक दिला असेल तर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायलाच हवी. थायरॉइड हळूहळू मंदावतं, माणूस थकतो, थंडी वाजते, आवाज जड होतो, आणि घरचे समजतात आजार आतून वाढतोय. गोळी सुरू केली की फरक पडतो.

मोठ्या आतड्याचा: सीईए (रक्तातला एक मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये वाढू शकणारा घटक) पहिली दोन वर्षं ३ ते ६ महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी. सीटी डॉक्टर ठरवतील तसा. ऑपरेशननंतर वर्षभराने कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून आतड्याची तपासणी), ती स्वच्छ निघाली तर पुढची तीन वर्षांनी.

वारणाकाठ

दादा, एक शंका. स्तनाच्या पेशंटला त्रास काहीच नाही, पण मनाच्या शांतीसाठी दर वर्षी पेट स्कॅन (PET, अंगात कुठे गाठ आहे का बघणारा स्कॅन) आणि तीन महिन्यांनी मार्कर केला तर बिघडलं काय? पैशाची सोय आहे असं धरा.

मिरज_जंक्शन

ताई, हा प्रश्न सगळे विचारतात. १९९४ मध्ये इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निकाल आले. एका गटाला नेमाने हाडांचा स्कॅन, छातीचा एक्सरे वगैरे, दुसऱ्याला फक्त डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी. जास्त तपासण्या केलेल्यांचं आयुष्य वाढलं नाही. त्यामुळे लक्षण नसताना स्तनाच्या पेशंटचा पेट किंवा मार्कर करत नाहीत. आतड्यात उलट आहे. तिथे यकृतात एखाद-दुसरी गाठ लवकर सापडली तर ती कापून काढता येते, म्हणून सीईए आणि सीटीला अर्थ आहे. म्हणजे तपासणी तेव्हाच करायची, जेव्हा निकाल आल्यावर करण्यासारखं काही असतं.

शांतीचं म्हणाल तर ती फार टिकत नाही. रिपोर्ट चांगला आला की आठ-पंधरा दिवस हलकं वाटतं, मग मन पुढचा रिपोर्ट मागतं. आणि मार्कर इतर कारणांनीही वाढतो. सीईए बिडी-सिगारेट ओढणाऱ्यात आणि यकृताच्या दुखण्यात वर असतो. सीए १२५ हा अंडाशयाचा मार्कर पाळीच्या दिवसांत वाढतो, पोटाच्या टीबीत तर खूपच वाढतो. सीए १५-३ हा स्तनाचा मार्कर यकृत बिघडलं तरी हलतो. त्यात लॅब बदलली की पद्धत बदलते आणि आकडा बदलतो. ज्यांना मार्कर सांगितलाय त्यांनी तो दर वेळी एकाच लॅबमध्ये करावा आणि तारखेसह आकडे एका पानावर एकाखाली एक लिहावेत. एकटा आकडा फारसं सांगत नाही, चढत गेला का ते बघायचं असतं.

औदुंबर_भिलवडी

लक्षणांबद्दल लिहिते. साधा नियम दोन आठवड्यांचा. नवीन आहे, सारखं आहे आणि वाढतंय, असं दोन आठवडे चाललं तर तारखेची वाट न बघता फोन करा. आलं आणि गेलं, कामाने वाढलं आणि आरामाने कमी झालं, तर वहीत तारीख टाकून ठेवा.

हा नियम कशाला लावायचा नाही ते आधी पाठ करा. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा संडास-लघवीवरचा ताबा सुटला; फिट आली; दम लागून बोलता येईना; रक्त पडतंय आणि थांबत नाही; एकच पाय सुजून दुखतोय; किमो चालू असताना किंवा नुकती झाल्यावर ताप आला. यात दोन तासही थांबायचं नाही, रात्र असली तरी निघायचं. मणक्यात नस दाबली गेली असेल तर जितका उशीर तितकी पायांची ताकद परत येण्याची आशा कमी.

तोंडाच्या पेशंटने घरी बघायची पद्धत: महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सकाळी दात घासल्यावर. बॅटरी, आरसा आणि स्टीलच्या चमच्याचा दांडा घ्या. ओठ उलटवून आतली बाजू, मग एक गाल, दुसरा गाल, हिरड्या बाहेरून-आतून, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, जीभ टाळूला लावून खालची जागा, शेवटी टाळू. मग मानेवर जबड्याखालून गळपट्टीपर्यंत बोटांनी हलकं चाचपायचं. तोंड किती उघडतं ते स्वतःच्या बोटांनी मोजा: दोन बोटं उभी जात होती आणि आता एकच जाते, तर सांगायला हवं. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, नवीन पांढरा किंवा लाल चट्टा, त्याच बाजूचा कान दुखणं, गिळताना अडकणं, मानेत नवी गाठ या खुणा. उघडं हाड दिसलं तर कॅन्सरच समजू नका. शेक घेतलेल्या जबड्याला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून दात उपटल्यावर जखम न भरता हाड उघडं पडू शकतं. ते दाखवायचं असतंच. पण खरी काळजी आधी घ्यायची: दात काढण्यापूर्वी शेक दिलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नये.

माहुली_संगम

औदुंबर ताईंनी महिन्यातून एकदा म्हटलंय, त्यावर मी जोर देते. दिवसातून दहा वेळा चाचपणं हा या भीतीतला सगळ्यात मोठा सापळा आहे. एकच जागा सारखी दाबली की तिथली कातडी आणि स्नायू दुखायला लागतात, थोडी सूज येते. मग ते दुखणं हाताला लागतं आणि वाटतं, कालपर्यंत नव्हतं. ऑपरेशनच्या जागेत चरबी गोठून टणक गाठ होते, टाक्यांच्या रेषेत दोरीसारखं लागतं, शेक घेतलेला भाग घट्ट होत जातो. नीट तपासल्याशिवाय यातला फरक हाताला कळत नाही. म्हणून ओपीडीत डॉक्टरांचा हात त्या जागेवर असताना विचारा, "हे जे लागतंय ते काय?" आणि स्वतःचा हात ठेवून ती जागा ओळखून घ्या. पुढच्या महिन्यात तुलना त्याच्याशी करायची.

औषधांनी होणाऱ्या दुखण्यांचीही नोंद ठेवा. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या स्तनाच्या कॅन्सरवरच्या हार्मोनच्या गोळ्यांनी सकाळी उठताना बोटं, गुडघे, टाचा आखडतात, चालायला लागलं की सुटतात, आणि बहुधा दोन्ही बाजूंना असतं. एकाच हाडात, एकाच ठिकाणी, रात्री झोपेतून उठवणारं आणि वाढत जाणारं दुखणं वेगळं, ते दाखवायचं. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन या किमोच्या औषधांनंतर हातापायाला मुंग्या महिनोन्‌महिने राहतात. टॅमॉक्सिफेन (स्तनाचा आजार उलटू नये म्हणूनची गोळी) चालू असताना, पाळी थांबलेली असूनही अंगावरून रक्त गेलं तर ते लपवू नका, घाबरूनही जाऊ नका, गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करून घ्या.

यवतेश्वर_घाट

पेट स्कॅन सांगितलाच असेल तर तयारी नीट करा. खोटी भीती चुकीच्या तयारीतूनही येते. स्कॅनमध्ये साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचतात आणि तो जिथे जास्त ओढला जातो ती जागा चमकते. आदल्या दिवशी शेतात खोदकाम केलं, गड चढला, तर स्नायू चमकतात. २४ तास जड काम बंद. सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं, चहा-साखर नाही. शुगर २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी तारीख पुढे ढकलतात, म्हणून मधुमेहींनी गोळी-इन्शुलिनचं आधी विचारावं. लस घेतली असेल तर कोणत्या दंडात ते सांगा, त्या बगलेतल्या गाठी चमकतात. टोचल्यावर तासभर शांत पडून राहायचं, बोलायचं नाही, मोबाईल नाही. घरी गेल्यावर त्या दिवशी गरोदर बाई आणि तान्ह्या मुलापासून लांब.

आपल्याकडे अजून एक कारण मोठं आहे: टीबी. छातीतल्या टीबीच्या गाठीही पेटवर चमकतात. चमकणारं सगळं कॅन्सर नसतं, म्हणून तर तुकडा तपासायला घेतात. डोक्या-मानेच्या शेकानंतरचा पेट साधारण १२ आठवड्यांनी करतात तोही याच कारणाने, लवकर केला तर शेकाची सूजच पेटलेली दिसते.

मिरज_जंक्शन

याला जोडून रिपोर्टचं. हल्ली पीडीएफ संध्याकाळी सात वाजता व्हॉट्सॲपवर येते आणि डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी असते. ती रात्र फार वाईट जाते. तीन गोष्टी करता येतात. एक, तपासणी आणि डॉक्टरांची वेळ दोन दिवसांच्या आत एकत्र ठरवा. शनिवारी स्कॅन करू नका, नाहीतर सोमवारपर्यंत लटकत राहाल. दोन, सेंटरवर पेशंटचा नंबर न देता घरातल्या एका ठरलेल्या माणसाचा द्या, आणि पेशंटला आधी वाचायचा आहे की डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचा आहे हे त्यालाच आधी विचारा. लपवायचं नाही, क्रम ठरवायचा. तीन, जुन्या स्कॅनची सीडी न्या. जुनं शेजारी नसलं की रेडिओलॉजिस्टला "नवीन आहे का सांगता येत नाही" असंच लिहावं लागतं.

घाबरवणारे पण रोजचे शब्द: "क्लिनिकल कोरिलेशन सुचवले" म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांनी पेशंट बघून ठरवावं. "सबसेंटिमीटर नोड" म्हणजे एक सेंटिमीटरपेक्षा छोटी गाठ, अशा गाठी धडधाकट माणसातही असतात. "पोस्ट-ट्रीटमेंट चेंजेस" म्हणजे उपचारांच्या खुणा. "इंडिटर्मिनेट" म्हणजे आज नक्की सांगता येत नाही, आणि बहुतेक वेळा त्यावर काही महिन्यांनी परत स्कॅन हाच सल्ला असतो. ती वाट पाहणं अवघड असतं, पण तो निष्काळजीपणा नसतो: वाढते की तशीच राहते यावरूनच तिचा स्वभाव कळतो.

शिराळा_मांगले

आणि मनाचं काय करायचं? डॉक्टरांकडे वेळ नसतो, शेजारी म्हणतात देवाचं नाव घ्या. देवाचं नाव घेतातच हो, तरी रात्री तीनला जाग येते.

माहुली_संगम

दादा, यावर नीट लिहायला हवं, म्हणून सविस्तर.

पहिलं, काळजीची वेळ. रोज संध्याकाळी साडेपाच ते पाच पन्नास, एकाच जागी, वही घेऊन. झोपायच्या आधी नको आणि गादीवर नको. दिवसभरात भीती आली की मनात म्हणायचं "साडेपाचला", आणि एका शब्दात टिपून हातातलं काम पुढे. साडेपाचला प्रत्येक ओळीपुढे लिहा: यावर आज करण्यासारखं काही आहे का? असेल तर करा, म्हणजे फोन लावा, तारीख घ्या. नसेल तर ती ओळ उद्यावर. पाच पन्नासला वही बंद करून उठायचं, दिवाबत्ती, भाजी निवडणं, काहीही. चुकतं कुठे? पहिल्या आठवड्यात लोक म्हणतात "जमत नाही, विचार येतातच." विचार यायचे थांबवायला हे नाहीच. आलेल्या विचाराच्या मागे लगेच न जाण्याचा हा सराव आहे, आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात.

दुसरं, लक्ष हलवण्याचा सराव. १२ मिनिटं, दिवसातून एकदा, मन बऱ्यापैकी शांत असताना. डोळे उघडे ठेवून बसा. घरातले पाच-सहा आवाज निवडा: पंखा, शेजारचा टीव्ही, कुकरची शिट्टी, रस्त्यावरची एसटी, कावळा. पाच मिनिटं एकेका आवाजावर लक्ष टिकवायचं. पुढची पाच मिनिटं एकावरून दुसऱ्यावर भरभर उडी. शेवटची दोन मिनिटं सगळे आवाज एकदम. भीतीने लक्ष छातीतल्या किंवा पाठीतल्या एका जागी चिकटून बसलेलं असतं, ते आपल्या इच्छेने सोडवता येतं हे शिकायचं. भीती घालवायला म्हणून करायला गेलात की फसतं, कारण मग "गेली का, गेली का" हेच तपासत बसता. ऑस्ट्रेलियात कॉन्करफिअर नावाची याच भीतीवरची समुपदेशन पद्धत तपासून पाहिली, तिचे निकाल २०१७ मध्ये आले. १० आठवड्यांत पाच बैठका, त्यात हा सराव होता, आणि भीती कमी झालेली दिसली.

तिसरं, रात्रीची जाग. २० मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं की अंथरुणातून उठा, मंद उजेडात बसा, श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, दहा मिनिटं. घड्याळ बघू नका. मोबाईल दुसऱ्या खोलीत. पेंग आली की परत आडवे व्हा. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच.

यवतेश्वर_घाट

चालणं यात घालाच. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा पूर्ण चढ एकदम नको, सपाटीवर दहा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. सांगलीकरांना आमराई आहे, कृष्णेचा घाट आहे. आतड्याच्या कॅन्सरमध्ये याचा पुरावा आता भक्कम आहे: २०२५ मध्ये आलेल्या ८८९ पेशंटच्या अभ्यासात, किमोनंतर तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करून घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी ८०.३ टक्के आजारमुक्त होते, नुसती माहितीपुस्तिका दिलेल्यांत ७३.९ टक्के.

हळदबाजार

आमच्या सांगलीच्या हळदीबद्दल कोणीच बोललं नाही. रोज गरम पाण्यातून दोन चमचे घ्यायला सांगतात, ते बरोबर का?

औदुंबर_भिलवडी

काका, हळद आपली आहेच, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. भाजी-आमटीतली हळद बिनधास्त खा. दोन-दोन चमचे आणि कॅप्सूल मात्र नको. कर्क्युमिनच्या (हळदीतल्या मुख्य घटकाच्या) कॅप्सूल, त्यातही मिरीचा अर्क घातलेल्या, टॅमॉक्सिफेनबरोबर घेतल्या तर त्या गोळीचं रक्तातलं कामाचं रूप कमी होतं असं तपासून दिसलेलं आहे. म्हणजे आजार उलटू नये म्हणून जे घेतो, ते उलटू न देणाऱ्या गोळीलाच कमजोर करतं. शिवाय काढे आणि अर्कांनी यकृताचे आकडे चढतात, मग सोनोग्राफी, मग "यकृतात गेलं का" ही नवी भीती. जे काही घेता त्याची पुडी किंवा बाटली ओपीडीत दाखवा.

साखरेचंही तसंच. पेटमध्ये साखरेसारखा पदार्थ वापरतात म्हणून "गूळ-साखर खाल्ली की गाठ वाढते" असं पसरलंय. कणभर गोड खाल्ल्याने आजार उलटत नाही. वजन आणि मधुमेह आटोक्यात ठेवायचा तो वेगळ्या कारणांनी.

मशेरीवर मात्र कळकळीने सांगते. मशेरी हा भाजलेला तंबाखूच आहे. तोंडाच्या उपचारानंतर "खात नाही, फक्त दाताला लावते" हे चालत नाही. आजार उलटण्याचा आणि दुसरी नवी गाठ होण्याचा धोका दोन्ही वाढतात. सोडायला मदत १८००-११-२३५६ वर मिळते, फोन फुकट आहे.

चारभिंती

मनाच्या डॉक्टरकडे कधी जायचं? रोज तासाहून जास्त वेळ याच विचारात जातोय, झोप-जेवण सुटलंय, भीतीने तारीखच चुकवली जातेय, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येतंय. शेवटचं असेल तर त्याच दिवशी, आणि पेशंटला एकटं सोडू नका. टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालतो, मराठीतून बोलतात. एक खबरदारी: टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांना पहिल्या वाक्यात सांगा. पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन या गोळ्या तिचं काम अडवतात. दुसऱ्या चालणाऱ्या गोळ्या आहेत. चालू असलेली गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नका.

घरच्यांसाठी: दिवसातून सात वेळा "बरं वाटतंय ना?" विचारू नका, प्रत्येक प्रश्नाबरोबर पेशंट स्वतःचं अंग चाचपतो. गावात कोणी त्याच आजाराने गेल्याचं कळलं तर लपवू नका, तो निरोप पेशंटला पारावर मिळणारच. सांगताना गेलेल्या माणसाची स्टेज, प्रकार वेगळा होता हे फाईल बघून, खरं असेल तरच सांगा.

वारणाकाठ

मुंबईला टाटाला फॉलोअपला जाणाऱ्यांसाठी: रेल्वेची सवलत फक्त उपचारापुरती नाही, ठरलेल्या चेकअपलाही मिळते. पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सूट. हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा सगळीकडे थांबते. पुढची तारीख मिळाली त्याच दिवशी दाखला घेऊन या, आदल्या आठवड्यात धावपळ झाली की भीतीत भर पडते. जनआरोग्य योजनेत काही फॉलोअपचाही समावेश आहे, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला फाईल दाखवून विचारा.

आणि एक प्रश्न. छातीतला किमो पोर्ट (किमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) "लागला तर असू दे" म्हणून बरेच जण ठेवतात. ठेवावा का?

मिरज_जंक्शन

पुढे औषध द्यायचं नसेल तर नुसत्या भीतीपोटी ठेवू नये, लागलाच तर नवीन बसवता येतो. आहे तोवर सांगितलेल्या मुदतीने फ्लश (औषधी पाण्याने धुऊन) करून घ्यावाच लागतो, राहिला तर आत रक्त गोठून बंद पडतो. काढणं हे भूल टोचून होणारं छोटं काम आहे, बहुधा त्याच दिवशी घरी. फ्लशनंतर हुडहुडी भरून ताप आला, किंवा त्या बाजूचा हात-मान सुजली, तर त्याच दिवशी दाखवा. तो पोर्टमधला जंतुसंसर्ग किंवा गुठळी असू शकते आणि त्यावर लगेच उपचार लागतात.